उभ्या गाडीचे नुकसान आणि भरपाईचा हक्क

मोटार अपघाताच्या दाव्यात चूक कोणाची हे ठरवण्यातच बहुतेक वेळ आणि शक्ती खर्ची पडते. उभ्या गाडीला दुसऱ्याने धडक दिली असेल तर हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, आत कोणी नाही. अशी गाडी स्वतःहून जाऊन कोणावर आदळत नाही. तरीही ओळखीपाळखीत विचारून पाहिले, तर अशा नुकसानीचे पैसे समोरच्याकडून वसूल केलेले लोक फार थोडे भेटतात. बाकीचे चरफडत गॅरेज गाठतात आणि पदरमोड करून किंवा स्वतःच्या विम्यातून डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. हक्क इतका स्पष्ट असताना वसुली इतकी विरळ का, हा या विवेचनाचा विषय आहे.

माझे प्रतिपादन असे की, या प्रकारात दोष सिद्ध करणे सोपे असते, माणूस सिद्ध करणे अवघड असते आणि रकमेच्या मानाने कायद्याने आखून दिलेला मार्ग फार लांबचा असतो. त्यामुळे पैसे मिळणार की नाही, हे बहुतांशी धडकेनंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून जाते. इथे विचार भारतातील, मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती हा त्याचा पाया. सायकल, हातगाडी, झाडाची फांदी किंवा क्रिकेटचा चेंडू यांनी झालेले नुकसान या अधिनियमात येत नाही. त्यासाठी साधा दिवाणी दावा असतो आणि तो इथे बाजूला ठेवला आहे.

दोष

अपघातविषयक न्यायशास्त्रात एक जुने तत्त्व आहे: काही घटनांचे स्वरूपच असे असते की निष्काळजीपणाशिवाय त्या सहसा घडत नाहीत, आणि अशा वेळी खुलासा करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात वाहन होते त्याच्यावर जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली पुष्पाबाई पुरुषोत्तम उदेशी विरुद्ध रणजीत जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी या खटल्यात हे तत्त्व मोटार अपघाताला लावले. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली मोटार झाडावर आदळली होती. नीट चालवलेली मोटार रस्ता सोडून झाडावर जात नाही, तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा भार वाहनवाल्यांवर येतो, असा निकालाचा आशय आहे. कडेला उभी असलेली गाडी या बाबतीत झाडासारखीच. ती जागची हललेली नाही एवढे दाखवले की दावेदाराचे निम्मे काम होते.

समोरच्याचे ठरलेले बचाव दोन-तीनच असतात. ब्रेक लागला नाही, हा पहिला. मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन या १९७७ च्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की यांत्रिक बिघाडाचा बचाव घ्यायचा असेल, तर तो बिघाड वाजवी काळजी घेऊनही लक्षात येण्यासारखा नव्हता हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. सर्व्हिसिंगची नोंद न दाखवता नुसते ‘ब्रेक फेल झाला’ म्हणणे पुरत नाही. दुसरा बचाव, ‘मला मागच्याने ठोकले म्हणून मी तुमच्यावर आलो.’ तो खरा असेल तर मधला चालक खरोखरच निर्दोष ठरू शकतो आणि मग तिसऱ्या वाहनाचा क्रमांक मिळवणे अटळ होते. म्हणून समोरच्या गाडीच्या मागच्या बंपरचाही फोटो घ्यावा. तिथे ताजी खूण नसेल तर हा बचाव तिथेच गळून पडतो.

तिसरा बचाव विचार करायला लावणारा आहे: ‘तुम्ही गाडी चुकीच्या जागी लावली होती.’ नो पार्किंगमध्ये गाडी लावली म्हणजे भरपाईचा हक्क गेला, अशी अनेकांची समजूत असते आणि समोरचा माणूस तिचा पुरेपूर फायदा घेतो. कायदा असे म्हणत नाही. सुधीरकुमार राणा विरुद्ध सुरिंदर सिंग या २००८ च्या निकालात परवाना नसताना स्कूटर चालवणाऱ्या मुलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परवाना नसणे हा वेगळा गुन्हा असेल, पण त्यामुळे अपघाताला हातभार लागला असे आपोआप ठरत नाही. हाच तर्क पार्किंगला लागतो. भर दुपारी, सरळ आणि रुंद रस्त्यावर, नो पार्किंगच्या फलकाखाली उभ्या असलेल्या गाडीला टेम्पोने घासले, तर फलकाचा आणि धडकेचा कार्यकारणसंबंध नाही; दंड भरावा लागेल, भरपाई मात्र कमी होण्याचे कारण नाही. तीच गाडी रात्री, वळणावर, दिवे न लावता, निम्मी रस्त्यावर काढून ठेवली असेल तर चित्र बदलते. तिथे मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा अपघाताच्या कारणांपैकी एक ठरतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कापते. म्हणून चाके, कडेची पांढरी रेघ आणि रस्त्याची उरलेली रुंदी एकाच चौकटीत दिसेल असा फोटो गाडी हलवण्याआधी घेतला पाहिजे. नुसत्या पोचाचे दहा फोटो या एका फोटोची जागा भरून काढत नाहीत.

माणूस

खरी अडचण इथे सुरू होते. धडक देणारा बहुधा निघून गेलेला असतो आणि धडक बसताना पाहणारे कोणी नसते. पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत अधिनियमाच्या कलम १६१ खाली सरकारी भरपाई आहे, मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. मालमत्तेच्या नुकसानीसाठी तिच्यात एक पैसाही नाही. दोषाची चर्चा न करता ठरावीक रक्कम देणारे कलम १६४ सुद्धा मृत्यू आणि गंभीर दुखापत यांपुरतेच आहे. म्हणजे वाहनाचा क्रमांक मिळाला नाही तर वसुलीचा प्रश्नच संपतो आणि स्वतःचा विमा तेवढा उरतो.

क्रमांक मिळवण्याचे मुख्य साधन आज सीसीटीव्ही आहे. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या यंत्रात साठवणीची जागा मर्यादित असते. ती भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे चढते. त्यामुळे ‘रविवारी निवांत बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती पुष्कळदा काहीच लागत नाही. सेक्रेटरीला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी कळवावे की अमुक तारखेचे, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचे चित्रीकरण जपून ठेवावे. पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ समोरच्याला दाखवायला आणि पोलिसांना पटवायला उपयोगी पडतो. न्यायाधिकरणापुढे मात्र मूळ यंत्रातून काढलेली प्रत आणि तिच्यासोबत यंत्र सांभाळणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले आहे. या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ज्या खटल्यात पक्की केली, तो अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल हा खटला जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला होता. निवडणूक अर्ज दाखल करतानाच्या चित्रीकरणाबद्दल सांगितलेला नियम पार्किंगमधल्या कॅमेऱ्यालाही तितकाच लागू आहे.

कॅमेरा नसेल तेव्हा गाडीच बोलते. पोचाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून फोटो घ्यावा: छोट्या गाडीचा बंपर, उंच गाडीचा बंपर आणि टेम्पोचा फाळका वेगवेगळ्या उंचीवर घासतात. ओरखड्यात दुसऱ्या गाडीचा रंग उतरलेला असतो; तो पुसू नये आणि पोलिसांनी किंवा सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी धुऊ नये. जमिनीवर पडलेला दिव्याचा किंवा आरशाचा तुकडा उचलून ठेवावा, कारण त्यावर पुष्कळदा कंपनीचा भाग-क्रमांक असतो आणि त्यावरून गाडीचे मॉडेल कळते. सोसायटीच्या आवारात एवढ्यावरून वाहन सापडू शकते. तिथे येणारी वाहने मोजकी असतात आणि वॉचमनच्या वहीत पाहुण्यांच्या, पाण्याच्या टँकरच्या, पार्सलवाल्यांच्या नोंदी असतात.

क्रमांक मिळाला की तीन पक्ष समोर येतात: चालक, मालक आणि विमा कंपनी. चालक निष्काळजीपणासाठी जबाबदार. मालक आपल्या नोकराने कामाच्या ओघात केलेल्या कृत्यासाठी जबाबदार, हेही उदेशी खटल्यातच आले आहे. ‘गाडी मी विकून टाकली, नाव बदलायचे राहिले’ असे मालक म्हणाला तरी तो सुटत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकला की विमा चालू आहे का हे समजते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते. पूर्ण तपशिलासाठी मोटार वाहन अधिनियमाचे कलम १६० आहे: भरपाईचा दावा करू इच्छिणाऱ्याने मागणी केली तर नोंदणी अधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने अपघातातील वाहनाची माहिती द्यावी, असे बंधन त्यात आहे. फार थोडे लोक हे कलम वापरतात. लेखी अर्जात त्याचा उल्लेख केला तर टोलवाटोलवीला जागा कमी उरते.

पोलीस ठाणे

‘ही दिवाणी बाब आहे, आपापसांत मिटवा’ हे उत्तर पोलीस ठाण्यात हमखास मिळते. ते अर्धे बरोबर आहे आणि कोणते अर्धे हे तक्रारदाराला माहीत असले पाहिजे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे पूर्वीचे २७९, बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहे, पण त्यासाठी माणसाच्या जिवाला धोका किंवा दुखापतीची शक्यता असावी लागते. मध्यरात्री रिकाम्या गाडीला रिव्हर्स घेताना लागलेल्या धक्क्यात ती दाखवणे अवघड. कलम ३२४, म्हणजे आगळीक, हेतू किंवा जाणीव असल्याशिवाय लागत नाही. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. शेजाऱ्याने भांडणातून किल्लीने रेघ ओढली तर ३२४ लागेल, चुकून बंपर लागला तर नाही. इथपर्यंत पोलिसांचे म्हणणे मान्य केले पाहिजे.

पण मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ वेगळे आहे. अपघातात माणूस जखमी झाला किंवा तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाने पोलिसाला माहिती द्यावी आणि पोलीस हजर नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घटना कळवावी असे ते सांगते. शिवाय आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवण्याचे बंधन त्यात आहे. हे न करणारा कलम १८७ खाली शिक्षेस पात्र होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उभ्या गाडीला ठोकून निघून जाणे हा म्हणूनच निव्वळ दिवाणी मामला राहत नाही. ठोकणे दिवाणी असेल, न कळवता निघून जाणे गुन्हा आहे.

हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली पाहिजे. तक्रारदाराने ‘गाडी ठोकली’ एवढेच न सांगता तारीख, वेळ, जागा, वाहनाचा क्रमांक, दिसणारे नुकसान आणि ‘चालकाने कलम १३४ नुसार कळवले नाही’ हे वाक्य लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. एनसीची प्रत पुढे विम्याच्या दाव्याला, लोकअदालतीला आणि न्यायाधिकरणाला, तिन्ही ठिकाणी लागते. प्रत्यक्षात ठाण्यातून एक फोन गेला की पुष्कळ चालक दुसऱ्या दिवशी बोलणी करायला येतात, हेही खरे आहे.

एक गोष्ट मात्र करू नये. समोरचा जागेवर सापडला म्हणून त्याची किल्ली, परवाना किंवा आरसी बुक काढून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कागदपत्रे जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना आहे, गाडीमालकाला नाही. असे केले की सरळ भरपाईचा दावा उलट तक्रारीत अडकतो.

सोसायटीचे आवार

शहरांत उभ्या गाड्यांना लागणाऱ्या धक्क्यांपैकी पुष्कळसे सोसायटीच्या पार्किंगमध्येच लागतात. इथे विमा कंपनीचा आक्षेप ठरलेला असतो: सक्तीचा विमा सार्वजनिक जागेतील अपघातांसाठी आहे, हे आवार खासगी आहे. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८८ चा निकाल आहे, पांडुरंग चिमाजी आगळे विरुद्ध न्यू इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी. जागा खासगी मालकीची असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मुक्त असो वा नियंत्रित, ती विम्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा होते, असे त्यात ठरले. निकाल १९३९ च्या अधिनियमाखालचा असला तरी त्यातील तर्क आजच्या सोसायटीला चपखल लागू पडतो. गेटवर वॉचमन आहे, वहीत नाव लिहून आत सोडतात, हाच नियंत्रित प्रवेश. शिवाय ‘सार्वजनिक जागा’ ही अट विम्याच्या कलम १४७ मध्ये आहे. न्यायाधिकरणाचा अधिकार सांगणाऱ्या कलम १६५ मध्ये ती नाही. म्हणजे विमा कंपनी सुटली असे गृहीत धरले तरी चालक आणि मालक यांच्याविरुद्धचा दावा उभाच राहतो.

दार उघडताना शेजारच्या गाडीला लागले तर? तेव्हा वाहन चालत नसते, म्हणून तो वाहनाच्या वापरातून झालेला अपघात नाही, असे म्हटले जाते. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या १९९१ च्या निकालात पुणे–बंगळूर महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी झालेला स्फोटही सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या वापरात धरला होता. ‘वापर’ याचा अर्थ इतका व्यापक असेल, तर गाडीतून उतरताना उघडलेले दार त्यात बसते असे ठामपणे मांडता येते.

रक्कम

समोरच्याकडून किती मागावे? दुरुस्तीचा वाजवी खर्च, गाडी गॅरेजमध्ये असताना वापर न झाल्याचे नुकसान आणि गाडी धंद्याची असेल तर बुडालेले उत्पन्न. मागणीला आधार हवा: अधिकृत सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट, दुरुस्तीनंतरचे जीएसटीचे बिल, रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या. पोचाशी संबंध नसलेला जुना ओरखडाही याच निमित्ताने करून घेण्याचा मोह होतो. समोरचा आणि त्याचा सर्व्हेअर नेमका त्यावरच बोट ठेवतात आणि सगळ्या बिलावर संशय येतो.

स्वतःचा सर्वसमावेशक विमा असेल तर ‘ओडी क्लेम करून मोकळे व्हा’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा आपल्याच विम्यावर लावा, असा सल्ला एजंट देतो. हा सल्ला आकडे मांडल्याशिवाय घेऊ नये. समजा गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची, घसारा न कापण्याची ‘झिरो डेप’ जोड नाही आणि एकूण बिल ३७ हजार: बंपर ६ हजार, मागचा दिवा ४ हजार, पत्र्याचे दार १० हजार, रंगकाम १२ हजार, मजुरी ५ हजार. रूढ तक्त्यानुसार प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपर आणि दिवा मिळून ५ हजार. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे दारावर अडीच हजार. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्याचा निम्मा कापतात, म्हणजे दीड हजार. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १ हजार. असे १० हजार मालकाच्या खिशातून जातात आणि कंपनी २७ हजार देते.

दुसरी झळ लगेच दिसत नाही. क्लेम न करणाऱ्याला ओडी हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढते. आपल्या उदाहरणातला मालक पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्क्यांवर जाणार होता. आता शून्यावर येतो. त्यानंतर एकही क्लेम केला नाही तरी ५० ऐवजी २०, ५० ऐवजी २५, ५० ऐवजी ३५, ५० ऐवजी ४५ असे करत तो सहाव्या नूतनीकरणाला मूळ जागी पोहोचतो. ४५ ऐवजी शून्य हा पहिला फरक धरून या पाच फरकांची बेरीज १२० टक्के होते. मूळ ओडी हप्ता १२ हजार धरला आणि तो स्थिर मानला तर १४ हजार ४०० रुपये. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण चित्र तेच राहते: ३७ हजारांच्या नुकसानीत २४ हजारांच्या आसपास भार स्वतःवरच पडतो. दहा-पंधरा हजारांच्या पोचासाठी ओडी क्लेम करणे बहुधा तोट्याचेच असते, हे यातून दिसते.

ओडी क्लेम घेतला तरी समोरच्याकडे मागणी संपत नाही. आपल्या कंपनीने दिलेले पैसे पुन्हा मागता येत नाहीत. त्या रकमेपुरता हक्क कंपनीकडे जातो. कापलेला घसारा, सक्तीची वजावट आणि वापराचे नुकसान मात्र मागता येते. बोनस गेल्याची भरपाई वाटाघाटीत अवश्य मागावी. न्यायाधिकरण ती मान्य करीलच असे गृहीत धरू नये.

आता समोरच्याचा विमा. खासगी चारचाकीच्या रूढ थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत संरक्षण असते. हप्त्यात थोडी सूट घेऊन ते ६ हजारांवर आणण्याचा पर्याय असतो, म्हणून पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय आकडा गृहीत धरू नये. स्वतःच्या मालकीची किंवा स्वतःच्या ताब्यात असलेली मालमत्ता यातून वगळलेली आहे: एकाच मालकाच्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या तर थर्ड पार्टी दावा होत नाही.

समोरच्याशी बोलताना एक मुद्दा फार उपयोगी पडतो. तो नुकसान मान्य करायला कचरतो तो बहुधा आपला नो क्लेम बोनस जाईल या भीतीने. बोनस फक्त ओडी भागाशी बांधलेला आहे. थर्ड पार्टी दाव्याने तो जात नाही. हे शांतपणे समजावून सांगितले की ‘माझी चूकच नव्हती’ म्हणणारा माणूस पुष्कळदा पॉलिसीचा क्रमांक द्यायला तयार होतो. मात्र कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, रक्कम देण्याचे वचन देऊ नये, अशी अट त्याच्या पॉलिसीत असते. त्यामुळे त्याच्याकडून ‘चूक माझी’ असे लिहून घेण्याचा हट्ट धरू नये. ‘अमुक वेळी माझी अमुक क्रमांकाची गाडी रिव्हर्स घेताना अमुक क्रमांकाच्या उभ्या गाडीच्या डाव्या दाराला लागली’ एवढी घटना सहीनिशी मिळाली की दाव्याला ती पुरते आणि त्याचे संरक्षणही शाबूत राहते.

वसुली

समोरच्याच्या विमा कंपनीला थेट पत्र लिहून पैसे मिळतील ही अपेक्षा सहसा फोल ठरते. तिच्याशी आपला करार नाही. त्यामुळे विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडेही तिच्याविरुद्ध जाता येत नाही. ती पैसे देते ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर किंवा लोकअदालतीतील तडजोडीवर. दिवाणी न्यायालयाचा रस्ताही बंद आहे: जिथे न्यायाधिकरण आहे तिथे त्याच्या कक्षेतील दाव्यांत दिवाणी न्यायालयाला कलम १७५ ने मज्जाव केला आहे. म्हणजे वीस हजारांच्या दारासाठी मालकाला त्याच न्यायाधिकरणाकडे जावे लागते, जिथे कमावता माणूस गमावलेली कुटुंबे वर्षानुवर्षे तारखांना येत असतात. ही रचना मला अन्यायाची वाटते. छोट्या दावेदाराला तिच्यात आपला खर्च परवडत नाही, आणि मृतांच्या वारसांचा वेळही अशा दाव्यांनी खाल्ला जातो. मालमत्तेच्या ठरावीक रकमेखालच्या दाव्यांसाठी, वकिलाशिवाय आणि एकाच सुनावणीत निकाल देणारी स्वतंत्र व्यवस्था कायद्यात हवी होती. २०१९ ची दुरुस्ती ही त्यासाठी चांगली संधी होती, ती गेली.

तरी न्यायाधिकरणाचे काही लाभ आहेत. कलम १६६ प्रमाणे अर्ज मालमत्तेचा मालक स्वतः करू शकतो, आणि तो अपघाताच्या ठिकाणी, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे दाखल करता येतो. पुण्यात राहणाऱ्याच्या गाडीला कोल्हापुरात ठोकले तर पुण्यात दावा लावता येतो. एवढ्यानेच समोरचा पुष्कळदा नरमतो. रकमेवर व्याज मिळू शकते. वादातील रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर निवाड्याविरुद्ध अपील नाही. मुदत मात्र कडक आहे: १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर ६ महिन्यांच्या आत अर्ज व्हावा लागतो. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण छोट्या दाव्याने त्या वादाच्या भरवशावर बसू नये. समोरच्याचा विमाच नसेल तर निवाडा थेट मालकाविरुद्ध होतो. एसटीची बस किंवा सरकारी वाहन असेल तर महामंडळ किंवा शासन प्रतिपक्ष होते; विम्याच्या सक्तीतून त्यांना सूट मिळू शकते, भरपाईतून नाही.

पे अँड पार्क आणि हॉटेलची व्हॅले सेवा यांचे गणित निराळे आहे. किल्ली ताब्यात घेतली की हॉटेल त्या गाडीचे राखणदार होते आणि करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे तिची वाजवी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक होते. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या २०१९ च्या निकालात व्हॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे टोकनवर छापले म्हणून आपल्या निष्काळजीपणातून हॉटेल सुटू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तिथे मालक ग्राहक असतो, म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो आणि तो न्यायाधिकरणापेक्षा सोयीचा आहे. जिथे किल्ली आपल्याच खिशात राहते आणि फक्त जागेचे भाडे घेतले जाते, तिथे ही जबाबदारी सिद्ध करणे बरेच कठीण जाते.

बाकी सगळ्यांसाठी माझा कल लोकअदालतीकडे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे दावा दाखल होण्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरण समोरच्याला आणि त्याच्या विमा कंपनीला नोटीस काढते. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. अर्जासोबत एनसीची प्रत, फोटो, चित्रीकरण आणि त्याचे प्रमाणपत्र, एस्टिमेट, दोन्ही गाड्यांची आरसी आणि पॉलिसी यांच्या मिळतील त्या प्रती आणि मागणीचा तक्ता जोडावा. तडजोडीच्या कागदावर रक्कम, ती देण्याची तारीख आणि पैसे कोण देणार, मालक की विमा कंपनी, हे नावानिशी लिहून घ्यावे. ‘उरलेले नंतर बघू’ असे तोंडी ठरवू नये, कारण त्या सहीनंतर त्याच नुकसानीसाठी पुन्हा मागणी करता येत नाही. दारामागची बीजागरी किंवा सेन्सर बिघडल्याचे पुष्कळदा गाडी उघडल्यावरच कळते. म्हणून दुरुस्ती आधी पूर्ण करून, अंतिम बिल हातात घेऊनच तडजोडीला बसावे. सहा महिन्यांच्या मुदतीत तेवढा अवकाश असतो.